११ डिसेंबरला तात्या अजिंक्यतारा का चढायचे?

गोडोलीची_लेक

नमस्कार मंडळी. बरंच लिहिणार आहे, सवड असेल तेव्हा वाचा.

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, फेब्रुवारीत गेले. ८० वं चालू होतं. सकाळी चारभिंतीपर्यंत चालून आले, चहा घेतला, पेपर मागितला आणि पेपर आणेपर्यंत खुर्चीतच मान टाकली. कुणाला एक दिवस त्रास दिला नाही.

१९६४ साली अठराव्या वर्षी फौजेत गेले, पॅराशूटवाल्या पलटणीत, आणि १९८१ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गल्लीत मात्र सगळे मेजरच म्हणायचे, साताऱ्यात पेन्शनवर आलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, पण आम्हा पोरांच्या शाळेसाठी गोडोलीत घर केलं.

घरात शांत बसलेला माणूस आम्ही बघितलाच नाही. पासष्टीपर्यंत गावाला सायकलनं जायचे, उंब्रजवरनं, आणि पोचल्यावर हातपाय धुवून थेट शेतात. बामणोलीतनं लाँचनं आम्हा तिघा भावंडांना वासोट्याला नेलं तेव्हा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता, निम्मा गड तो तात्यांच्या खांद्यावर चढला. सत्तरीत पाचगणीला जाऊन त्या पॅराग्लायडिंगच्या पंखावर उडून आले, आईला न सांगता. आम्हाला लहानपणी कडब्याच्या गंजीवरनं उड्या मारायला लावायचे, आणि मारायची कशी तर पाय जोडून, गुडघे जोडून, हनुवटी छातीला. पाय फाकले की परत वर चढायचं.

आणि हाच माणूस आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या घालायचा. दोरखंड वळल्यासारखी वेणी, संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही. रविवारी रस्सा तेच करायचे, पण हात फौजेच्या लंगरातला, घरात माणसं पाच आणि पातेलं वीस जणांचं, मग अख्ख्या गल्लीला वाटी जायची.

आता मुद्द्याचं. दरवर्षी ११ डिसेंबरला दुपारी तीनच्या सुमारास तात्या एकटे घरातनं निघायचे आणि अजिंक्यतारा चढायचे. बरोबर कुणाला घेत नसत. खिशात कागदाच्या पुडीत गूळ आणि शेंगदाणे. वर जाऊन बसायचे ते अंधार पडेस्तोवर. एकदा मी गुपचूप मागे गेले होते, नववीत असेन. सगळी माणसं सूर्य मावळतीला निघाला की पश्चिमेच्या अंगाला जातात, तात्या पूर्वेला तोंड करून बसलेले, माहुली आणि जरंड्याच्या बाजूला. उठताना वाटेत जो पहिला अनोळखी माणूस भेटला त्याच्या हातावर गूळ ठेवला आणि खाली उतरले. गेल्या वर्षीपर्यंत हे चुकलं नाही.

आम्ही धरून चाललो होतो की भूकंपासाठी. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात गावचं घर पडलं, त्यात तात्यांची धाकटी बहीण गेली, अकरा वर्षांची होती. तात्या तेव्हा नोकरीवर, तार मिळून घरी यायला आठवडा गेला. तारीख तीच, ११ डिसेंबर. म्हणून कुणी विचारलंच नाही.

आता डिसेंबर आला, वर्षश्राद्धाच्या आधी त्यांच्या आठवणी लिहून काढाव्यात असं मनात आहे, आणि लिहायला बसले तर तिथेच अडले. पूर्वेला का? गूळ कशाला? आणि मुळात या माणसाचं फौजेतलं आयुष्य आम्हाला काहीच माहीत नाही, ते कुठून गोळा करायचं? काळी ट्रंक आहे घरात, अजून उघडलेली नाही.

पोवई_नाका

तात्यांना श्रद्धांजली. वाचून डोळ्यात पाणी आलं, वेण्यांचं वाचून जास्त.

पण ताई, यात कोडं काय आहे? सातारा-पाटणकडच्या माणसाला ११ डिसेंबर म्हणजे भूकंपच. आमच्या घरात अजून त्या दिवशी गोडधोड करत नाहीत.

माणदेशी

वडिलांना नमस्कार. ही माणसं बोलत नाहीत हो. माझे चुलते ६५ च्या लढाईत होते, आयुष्यभरात लढाईवर दोनच वाक्यं बोलले, एक 'लय थंडी हुती' आणि दुसरं 'चपात्या कच्च्या असायच्या'. आम्ही पोरं पाठीमागे लागायचो, किती मारले किती मारले, ते उठून बैलांना वैरण टाकायला जायचे. मोठा झाल्यावर कळलं की कसला प्रश्न विचारत होतो आपण.

अपशिंग्याला गेलाय का कधी? साताऱ्यापासून जवळच, अपशिंगे मिलिटरी असंच गावाचं नाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांच्या नावानं स्तंभ आहे. मी आठवीत तिथं पाहुण्यांकडे राहिलो होतो, घराघरात भिंतीवर वर्दीतले फोटो, आणि त्या फोटोंखाली बसून म्हातारी माणसं फक्त पावसापाण्याचं बोलायची.

कोयनेकाठचा

मी भूकंप अंगावर घेतलेला माणूस आहे. दुसरीत होतो. पहाटेचे चार वाजून वीस-एकवीस मिनिटं झालेली. आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातनं मोठी मालगाडी गेल्यासारखा, आणि मग सगळं हललं. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर कौलं, भिंती आतल्या बाजूला आल्या. आईनं मला जात्याशेजारी दाबून धरलं म्हणून मी आज टाईप करतोय. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्या पहाटे, आणि त्यापुढचे कित्येक महिने आम्ही अंगणातच झोपत होतो, थंडीत, पावसाळा तोंडावर येईपर्यंत, कारण धक्के थांबतच नव्हते.

ताई, तुमची आत्या गेली वाचून मन परत तिकडे गेलं. पण एक सांगू का. आम्ही भूकंपवाले लोक ती वेळ विसरत नाही. माझा थोरला भाऊ अजून ११ डिसेंबरला पहाटे चारला उठून बसतो, गजर लागत नाही त्याला. तुमचे तात्या दुपारी जायचे म्हणता. आणि तोंड पूर्वेला. कोयना साताऱ्याहून नैर्ऋत्येकडे येते. गडावरनं कोयनेची आठवण काढायची तर माणूस तिकडे पाठ करून का बसेल?

मला नाही वाटत हे फक्त भूकंपाचं असेल.

हळदीचं_शिवार

तासगाव तालुका, सांगली जिल्हा. कोयनेकाठच्या दादांचं वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण मला वाटतं मला माहीत आहे.

ताई, तात्या पॅराशूटवाल्या पलटणीत होते म्हणता, ती २ पॅरा होती का? तेव्हा मराठ्यांची पॅरा म्हणजे तीच, पूर्वीची ३ मराठा. तसं असेल तर ११ डिसेंबर १९७१, बांगलादेशच्या लढाईतलं टांगाईल. दुपारी साडेचारच्या सुमाराची उडी.

माझे वडील १ मराठात होते, जंगी पलटण. ते आहेत अजून, ७८ चालू आहे, ऐकायला कमी येतं पण हे सगळं तोंडपाठ. ते सांगतात तसं लिहितो. आता बांगलादेश म्हणतो त्याच्या उत्तरेला जमालपूर, तिथं पाकिस्तानची पलटण पक्के बंकर करून बसलेली. वडलांची पलटण रात्रीत ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांच्या पाठीमागे जाऊन बसली, म्हणजे ढाक्याकडे जायची वाटच बंद. आपल्या ब्रिगेडियरनी चिठ्ठी पाठवली शरण या म्हणून, तर तिकडच्या कर्नलनी उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० च्या रात्री ते फोडून बाहेर पडायला आले ते सरळ मराठ्यांच्या मोर्च्यांवर. रात्रभर चाललं. ११ च्या सकाळी जमालपूर पडलं.

आता तात्यांचा भाग. मैमनसिंग आणि जमालपूरकडनं मागे सरकणारी पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याला पोचू द्यायची नाही म्हणून टांगाईलजवळ पुंगलीचा पूल धरायचा होता. त्यासाठी त्याच दिवशी दुपारी २ पॅराची अख्खी पलटण विमानांतनं खाली सोडली. माणसं शेतात, तळ्यात, झाडांवर पसरून उतरली, गावकऱ्यांनी सामान उचलू लागलं, आणि रात्रीपर्यंत पूल हातात. मग रात्रभर मागे येणाऱ्या गाड्या त्या पुलावर येऊन धडकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला संध्याकाळी, जंगी पलटण उत्तरेकडनं येऊन त्यांना मिळाली. वडील म्हणतात, 'पुढनं कोन हाय कळंना, बोटं घोड्यावर, आन् अंधारातनं एकानं मराठीत शिवी हासडली. आसं बरं वाटलं म्हनून सांगू.' एवढं सांगून ते दरवेळी हसतात आणि दरवेळी डोळे पुसतात.

ताई, टांगाईल साताऱ्याच्या पूर्वेलाच येतं.

पोवई_नाका

हळदीचं शिवार, तुमच्या वडिलांना साष्टांग. पण मला अजून पटत नाही. एका तारखेला दोन गोष्टी झाल्या म्हणून माणसाच्या मनात दुसरीच होती असं आपण इथं बसून कसं ठरवणार? ज्याची अकरा वर्षांची बहीण ढिगाऱ्याखाली गेली तो त्या तारखेला लढाईची आठवण काढेल? भूकंपाची जखम लहान होती का?

कोयनेकाठचा

लहान नव्हती. पण मनात एका तारखेला एकच गोष्ट मावते असं थोडंच आहे.

छत्रीवाला

हा धागा मला पुतण्यानं पाठवला, म्हणून आलो. मीसुद्धा पॅराचाच, पण तुमच्या तात्यांच्या बराच नंतरचा. ७१ वाले आमच्या वेळी उस्ताद होते.

ताई, गंजीवरच्या उड्यांचं वाचलं आणि पहिल्यांदा हसलो, मग गप्प झालो. पाय जोड, गुडघे जोड, हनुवटी छातीला, ही आमची पहिली शिकवण. आग्र्याला शिकवतात. छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडली की झालं असं लोकांना वाटतं, पण खरं मरण जमिनीशी असतं, जमीन वर आल्यासारखी येते आणि पाय फाकलेले असले तर घोटा गेलाच. म्हणून जोडलेल्या पायावर टेकायचं आणि अंग एका कुशीवर लोळवायचं. पाच उड्या झाल्या की छातीवर पंख मिळतात, त्यातली एक रात्रीची. तुमच्या तात्यांनी तुम्हाला खेळ म्हणून जे शिकवलं ते त्यांच्याकडचं सगळ्यात मोलाचं होतं.

आणि लढाईतली उडी वेगळी. सरावात खाली उतरणारी जागा साफ असते, ॲम्ब्युलन्स उभी असते. तिथं खाली कोण आहे माहीत नाही, पाठीपोटाला सामान, छत्री उघडल्यावर हवेत लटकलेला असताना तुम्हाला काहीच करता येत नाही, फक्त खाली येत राहायचं. टांगाईलला उतरलेल्या माणसानं ती वेळ आयुष्यभर पाळली तर मला जराही नवल वाटत नाही.

घरात कुठं छत्रीची दोरी आहे का बघा. आमच्यातले बरेच जण तुटक्या छत्रीची दोरी जपून ठेवतात.

गोडोलीची_लेक

दोरी आहे! पांढरी, आता पिवळी पडलेली. आई तिच्यावर धुणं वाळत घालते, मला कळायला लागल्यापासून. त्याच दोरीनं तात्यांनी आम्हाला पोहायला शिकवलं, बाकी पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा आणि आमच्या कमरेला ही दोरी, वरनं धरून तात्या. बाजारात मिळते तसली नायलॉनची असेल असंच वाटत होतं. आत्ता उठून हात लावून आले.

एपीओ_५६

मी फौजीची बायको. आमच्या ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. इथं सगळे लढाईचं बोलतायत, ते बोलावंच, पण ताई, तुम्ही आठवणी लिहिणार असाल तर आईचं काय ते आधी लिहा.

आमचं लग्न झालं आणि हे बाविसाव्या दिवशी गेले. वर्षातनं दोन महिने सुट्टी. पोरगं झालं ते यांनी सात महिन्यांनी बघितलं, आणि पोरगं यांना बघून रडायला लागलं, अनोळखी माणूस म्हणून. सगळा संसार अंतर्देशीय पत्रावर, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. पत्राची सुरुवात ठरलेली, 'मी इकडे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी'. सासूबाई समोर बसून पोस्टमनकडनं पत्र वाचून घ्यायच्या, मग त्यात नवराबायकोचं काय लिहिणार? हे कोपऱ्यात एक छोटं फूल काढायचे, ते माझ्यासाठी. मनीऑर्डर आली की सासऱ्यांच्या हातात, मला बांगड्या भरायला पैसे मागावे लागायचे. लढाई लागली की गावात रेडिओ एकच, चावडीपुढं, बायकांनी तिथं जायचं नाही. आम्ही विहिरीवर पाणी शेंदता शेंदता बातमी ऐकायचो, कुणाच्या तरी पोरानं ऐकून आलेली.

आणि पेन्शनवर आले तेव्हा खरी ओळख झाली. चाळिशीत. तोपर्यंत मी शेत, गुरं, भाऊबंदकीची केस सगळं एकटीनं निभावलेलं, आणि हे येऊन विचारतात पाण्याची पाळी कवा असते. वर्षभर एकमेकांना अडखळत होतो. तुमचे तात्या वेण्या घालायचे ना, मला वाटतं ते हेच होतं. हुकलेले दिवस भरून काढत होते. आमच्या ह्यांनी नातीला अशीच रोज शाळेत सोडली, पावसात पण, स्वतःच्या पोरांना कधी सोडता आलं नाही म्हणून.

ट्रंक कुठं पळून जात नाही. आईजवळ बसा, मोबाईल चालू करून ठेवा, आणि लढाईबद्दल विचारू नका. विचारा की त्या डिसेंबरात तुम्ही कुठं होता, घरात कोण होतं, चुलीवर काय होतं.

माणदेशी

वहिनी, कोपऱ्यातल्या फुलाचं वाचून थांबलो. पुढचं वाचायला वेळ लागला.

मिरज_जंक्शन

सांगलीकडचा फौजी म्हटलं की मला मुरलीकांत पेटकर आठवतात. इस्लामपूरजवळचं पेठ हे त्यांचं गाव. फौजेत बॉक्सर होते, ६५ च्या लढाईत सियालकोट भागात गोळ्या लागल्या, कमरेखाली अपंगत्व आलं. आणि तो माणूस पाण्यात उतरला. १९७२ ला जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलला सुवर्ण, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली शेहेचाळीस वर्षं किती जणांना माहीत होते? आमच्या शाळेत तर कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं, शाळा तिथनं तासाच्या अंतरावर.

म्हणून ताईंचं लिहायचं चाललंय ते फार बरं आहे.

हळदीचं_शिवार

पाण्यावरनं आठवलं. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, इशारा ४० ला आणि धोका ४५ ला असतो, म्हणजे बघा. माझी बहीण सांगलीत, तिच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. वडील तेव्हा सत्तरी ओलांडलेले, इथनं निघून कसेबसे तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचले आणि पोरं गोळा करून दोर कसा बांधायचा, म्हाताऱ्या माणसाला कसं धरायचं, नावेत आधी कुणाला आणि किती जणांना बसवायचं हे सांगत दोन दिवस उभे. गर्दी करून चढणाऱ्यांना हात आडवा करून खाली उतरवत होते, शिव्या खाल्ल्या त्यासाठी. तिसऱ्या दिवशी ताप भरला. आईनं विचारलं आता कशाला जायचं होतं या वयात, तर म्हणाले नदी रात्रीत कशी ओलांडायची ते मला ठावं हाय, त्या पोरांना न्हाय.

पोवई_नाका

हे सगळं वाचून माझं मत जरा हललंय, कबूल करतो.

एक कामाचं. ताई, आईंची फॅमिली पेन्शन चालू झाली का? नसेल तर आत्ताच बघा. आमच्या आत्याचं एका ऑफिसात वर्षभर अडलं, कारण काकांच्या डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. ८१ वर्षांच्या बाईला 'तुम्ही त्याच कशावरून' असं विचारलं. मी शेजारी उभा होतो, अजून राग जात नाही. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदारांनी कागद नीट लावून दिले, मग झालं.

गोडोलीची_लेक

पेन्शन झाली दादा, आईचं नाव सुदैवानं दोन्हीकडे एकच होतं. तुम्ही आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं.

माणदेशी

आता मूळ प्रश्नाकडे. ट्रंक उघडाल तेव्हा दोन गोष्टी बघा. एक डिस्चार्ज बुक, त्यात पलटण, तारखा, कुठं कुठं होते ते असतं. दुसरं मेडल. मेडलवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा. ७१ ला पूर्वेकडच्या लढाईत असलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे असलेल्यांना पश्चिमी स्टार. बुकात २ पॅरा आणि मेडल पूर्वी स्टार निघाला तर हळदीच्या शिवारवाल्यांचं म्हणणं बरोबर. त्यापुढं अजून हवं असेल तर पॅराशूट रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेंगळुरूला आहे, नंबर घालून अर्ज करा.

गोडोलीची_लेक

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा. एपीओ वहिनींनी सांगितलं तसंच केलं, आधी आई.

परवा रात्री आईजवळ बसले. मोबाईल पोळपाटाशेजारी ठेवला. विचारलं, तू त्या डिसेंबरात कुठं होतीस. आई म्हणाली गावाला, पडलेलं घर परत बांधून दोन वर्षं झालेली, आणि थोरली पोटात. मग ती आपणहून बोलत गेली, मी एक शब्द बोलले नाही. तिच्या शब्दांत जेवढं जमेल तेवढं लिहिते.

'तुमचा बाप पहाटं चारला उठून देव्हाऱ्यात दिवा लावायचा ११ तारखेला. तुम्ही झोपल्याली असायचा. त्यो दिवा धाकटीचा. दुपारचं येगळं हुतं.

'इमानात बसायच्या आधी यांच्या ध्यानात आलं की आज तीच तारीख. म्हनाले, आज आपली बी पाळी, धाकटी बोलावतीया. उडी मारली ती तळ्यात. अंगावर वझं, दोऱ्या पायात गुतल्याल्या, पानी नाकातोंडात. आन् कुनीतरी केसाला धरून वर काढलं. म्हातारा हुता, लुंगीवाला, त्या गावचाच. कोयत्यानं दोऱ्या तोडल्या. थंडीनं दातावर दात, तर त्या म्हाताऱ्यानं कमरंचं सोडून हातावर मुरमुरं आन् गूळ ठिवला. आपल्यासारका गूळ न्हाई, खजुराचा. यांना बोली कळंना, त्याला यांची कळंना. लगीच पुलाकडं पळायचं हुतं, नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं.

'म्हनायचे, त्याच तारखंनं धाकटी नेली आन् मला ठिवला. मी इचारलं पोरांना का सांगत न्हाई. तर म्हनले, त्या म्हाताऱ्याचं नाव ठावं असतं तर सांगितलं असतं.'

आईनं हे मला पहिल्यांदा सांगितलं. चोपन्न वर्षं तिच्याकडे होतं. मी म्हटलं आम्हाला आधी का नाही बोललीस, तर म्हणाली तुम्ही भूकंपाचं म्हनत हुता, ते बी खोटं नव्हतं.

काल ट्रंक उघडली. वर फौजी कांबळं, त्याखाली आमच्या तिघांची पहिलीची प्रगतिपुस्तकं, त्याखाली मेडल. पूर्वी स्टार आहे. त्यावर तात्यांचा नंबर आणि नाव. आणि दोरीचा एक हातभर तुकडा, एका टोकाला साफ कापलेला.

छत्रीवाला

ताई, तो तुकडा धुण्याच्या दोरीला जोडू नका. वेगळा ठेवा.

कोयनेकाठचा

आज भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला यंदा ११ ला पहाटे एक दिवा त्यांच्या नावानंही लावतो.

पोवई_नाका

माझं चुकलं होतं, आणि निम्मं बरोबरही होतं, दोन्हीचं समाधान आहे. ताई, यंदा ११ ला गडावर कोण जाणार आहे?

गोडोलीची_लेक

आम्ही तिघं भावंडं, आणि नातवंडं. गूळ घेऊन. ज्यांना यायचंय त्यांनी या, तीन वाजता गोडोलीतनं निघू, साडेचारला वर पूर्वेच्या तटावर. कोल्हापुरी गूळ आहे, खजुराचा इथं मिळाला नाही.

एपीओ_५६

गुडघे चालत नाहीत, पण पायथ्याला येऊन बसते. आईंना भेटायचंय.

हळदीचं_शिवार

ताई, काल वडलांच्या कानाशी बसून सगळं मोठ्यानं वाचलं, दोनदा. तात्यांची पलटण पुलावर होती म्हटल्यावर उठून बसले. 'अंधारात शिवी दिली त्यो हाच असंल,' म्हणाले. मी म्हटलं सातशे माणसं होती आबा. तर म्हणे, 'असूं दे. मी जानार.' सकाळपासनं बूट पॉलिश करून ठेवलेत. त्यांना एवढा चढ चढवणं जमायचं नाही, गाडी कुठवर जाते?

पोवई_नाका

दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते. पुढं थोडंच चालायचं, मी आणि माझा मुलगा थांबतो तिथं, दोन्हीकडनं धरून नेऊ.

गोडोलीची_लेक

तासगावहून निघालात की फोन करा, जेवायलाच या आधी. आईला सांगितलं जंगी पलटणीतले आहेत म्हणून. तिनं विचारलंय, काकांना गूळ चावतो का, का किसून आणू?